पाण्याखालचं पान कार्बन कुठून आणतं? बरणी, सोडा आणि सामूपट्टी घेऊन शोधायची रीत

चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांच्यावर उपडं नरसाळं, नरसाळ्याच्या दांडीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. शाळेतला हा प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा, पात्र उन्हात ठेवायचं, बुडबुडे वर चढतात, नळीत ऑक्सिजन जमतो, आणि वहीत आकृती काढली की आपण मोकळे. सोडा कशासाठी, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं: झाडाला कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून. उत्तर चुकीचं नाही, अर्धं आहे. सोड्यातून पाण्यात उतरतं ते मुख्यतः बायकार्बोनेट, आणि त्यातून कार्बन काढून घेणं सगळ्या पाणवनस्पतींना जमत नाही. हायड्रिलाला जमतं. फाँटिनॅलिससारख्या जलमॉसला जमत नाही.

कोणाला जमतं आणि कोणाला नाही, हे घरी शोधून काढता येतं. रसायनशास्त्र शाळेनंतर सुटलेलं असलं तरी चालेल. झाकणाच्या चार-पाच काचेच्या बरण्या, खाण्याचा सोडा, पाण्याखाली वाढणाऱ्या दोन वेगळ्या वनस्पती, सामू मोजायचं काहीतरी आणि एक मोकळा दिवस, एवढं पुरे. सामू म्हणजे पीएच: ७ ला पाणी उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर आम्लारिधर्मी किंवा अल्कधर्मी, आणि प्रत्येक अंकाला दहापट फरक. सामूमापक असेल तर उत्तम. नसेल तर ६ ते ११ या टप्प्यात निदान अर्ध्या अंकाचा फरक दाखवणाऱ्या पट्ट्या घ्या. १ ते १४ च्या ढोबळ पट्टीवर ८ आणि ९ चे रंग इतके जवळचे दिसतात, की शेवटी आपल्या मनात असलेलाच आकडा आपण वाचतो.

आधी अडचण नीट समजून घ्या

पाण्यात कार्बन डायऑक्साइड फार कमी असतो म्हणून पाणवनस्पतींचे हाल होतात, असं सर्रास सांगितलं जातं. आकडे काढून पाहिले तर ते तितकंसं खरं ठरत नाही. हवेच्या दर दहा लाख भागांत सध्या साधारण ४२० भाग कार्बन डायऑक्साइड आहे. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत तो भरतो सुमारे १७ मायक्रोमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक; मिलिमोल त्याचा हजारावा भाग, मायक्रोमोल दहा लाखावा). त्या हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात भरतो सुमारे १४ मायक्रोमोल, म्हणजे ०.६ मिलिग्रॅम. साठ्यात फारसा फरक नाही.

अडचण आहे ती पोचण्याची. कार्बन डायऑक्साइडचं विसरण, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणं, पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश होतं. अगदी निश्चल पाण्यात त्याच्या रेणूला ०.१ मिलिमीटर सरकायला दोन-तीन सेकंद लागतात. १ मिलिमीटरला चार मिनिटांहून जास्त. १ सेंटिमीटरला सात तास! अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो, असं हे गणित आहे. जमिनीवरच्या पानाने भोवतीचा वायू वापरला की लगेच नवा येऊन पडतो. पाण्याखालच्या पानाने वापरला की त्याच्याभोवती खळगा पडतो आणि तो भरायला कोणी येत नाही. वाहत्या पाण्यातसुद्धा प्रत्येक पानाला चिकटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ न हलणारा थर असतो. पाणी जितकं शांत तितका हा थर जाड.

ही गोष्ट डोळ्यांनी पाहायची असेल तर हायड्रिलाचं एक पान तोडून छापील कागदावर ठेवा. खालची अक्षरं हिरवी होऊन दिसतात. मधली शीर सोडली तर हे पान जेमतेम दोन पेशी जाड असतं. पर्णरंध्रं नसतात, वरचा मेणचट थर नावापुरता, आणि जमिनीवरच्या झाडांत बाह्यत्वचेच्या ज्या पेशी बहुधा बिनरंगी असतात त्या इथे हरितलवकांनी भरलेल्या. म्हणजे वायू पाण्यातून थेट कामाच्या पेशीत. सूक्ष्मदर्शक मिळाला तर पान अख्खंच काचपट्टीवर ठेवा, छेद घ्यायची गरज नाही. हरितलवक पेशीच्या कडेकडेने रांगेत फिरताना दिसतात. सेराटोफायलम, कॅबोंबा यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी पान चिरून चिरून दोऱ्यांसारखं केलं, म्हणजे पृष्ठभाग वाढतो आणि चिकटलेला थरही पातळ राहतो.

पाण्यातले तीन अवतार

पाण्यात विरघळलेला असेंद्रिय कार्बन तीन रूपांत असतो: कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. कुठलं रूप किती, हे सामू ठरवतो. ६.३५ च्या आसपास पहिली दोन निम्मी-निम्मी. ७.३५ ला कार्बन डायऑक्साइड दहाव्या हिश्श्याहूनही थोडा कमी. ८.३५ ला जेमतेम शंभरावा हिस्सा, बाकी जवळजवळ सगळं बायकार्बोनेट. १०.३ ला बायकार्बोनेट आणि कार्बोनेट निम्मं-निम्मं, आणि मोकळा कार्बन डायऑक्साइड शोधूनही सापडत नाही.

आता पानाच्या आत बघू. कार्बन पकडून साखरेच्या वाटेला लावणारं विकर (एन्झाइम) म्हणजे रुबिस्को. रुबिस्को फक्त कार्बन डायऑक्साइड घेतं. बायकार्बोनेट त्याच्या दारात कितीही साठलं तरी त्याचा त्याला उपयोग नाही. शिवाय भोवती ऑक्सिजन जास्त झाला तर ते चुकून ऑक्सिजनलाच धरतं, आणि मग पकडलेल्या कार्बनपैकी काही परत जातो. दाट वाढलेल्या पाणवनस्पतींच्या गचपणात भर दुपारी नेमकं हेच घडतं: ऑक्सिजन वाढलेला, कार्बन डायऑक्साइड संपत आलेला, पाणी तापलेलं.

म्हणून पाण्याखालच्या झाडापुढे प्रश्न असा: लिटरभर पाण्यात १ मिलिमोल बायकार्बोनेट आहे, ते मोकळ्या वायूच्या सत्तरपट आहे, पण ते वापरायचं कसं? गोड्या पाण्यात बुडून वाढणाऱ्या ज्या सपुष्प वनस्पती आजवर तपासल्या गेल्या, त्यांपैकी साधारण निम्म्यांना ही युक्ती साधलेली आहे. उरलेल्या निम्म्या दुसऱ्या सोयी शोधतात.

पायरी १ : वनस्पती निवडा

एक अशी घ्या जिला बायकार्बोनेट चालतं. हायड्रिला, इलोडिया, इजेरिया, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम यांपैकी काहीही. दुसरी अशी, जी फक्त मोकळ्या वायूवर जगते. फाँटिनॅलिस हा जलमॉस सगळ्यात खात्रीचा. तो न मिळाल्यास कॅबोंबा घेऊन पाहा. ताजे, हिरवे शेंडे निवडा. जुन्या पानांवर शेवाळाची बुरशीसारखी लव असते आणि मग आपण झाडाचा नव्हे, शेवाळाचा प्रयोग करत बसतो. हलक्या हाताने, बोटांत धरून, वाहत्या पाण्याखाली धुवा. प्रयोगाआधी एक रात्र साध्या पाण्यात राहू द्या.

पायरी २ : बुडबुडे मोजा, पण त्यांच्यावर विसंबू नका

पानांना उजेडात पाण्याखाली ठेवलं की बुडबुडे येतात आणि अंधारात ते थांबतात, हे यान इंगेनहूझने १७७९ मध्ये प्रसिद्ध केलं. तीन वर्षांनी, १७८२ मध्ये, जाँ सेनेबिएने दाखवलं की पाणी उकळून त्यातला वायू घालवला तर पानं गप्प बसतात. कार्बन डायऑक्साइड हा प्रकाशसंश्लेषणाचा कच्चा माल आहे, ही गोष्ट पहिल्यांदा अशी पाण्याखालीच उमगली. दोन्ही प्रयोग आजही तासाभरात करता येतात.

हायड्रिलाचा बोटभर शेंडा धारदार पात्याने तिरका कापा आणि कापलेलं टोक वर करून परीक्षानळीत बुडवा. नळीपासून वीत-दीड वीत अंतरावर दिवा. पाच-दहा मिनिटं थांबा, मग कापलेल्या टोकातून दर मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मोजा. दिवा लांब नेला की संख्या घटते. उकळून गार केलेल्या पाण्यात जवळजवळ थांबते. त्याच पाण्यात स्ट्रॉने फुंकर मारली की पुन्हा सुरू होते. इथवर मजा आहे.

पहिल्या खेपेला मी मात्र बरणी खिडकीत थेट उन्हात ठेवली होती. बुडबुड्यांची नुसती झुंबड! मिनिटाला किती, ते हौसेने लिहूनही काढलं. दुसऱ्या दिवशी शंका आली म्हणून त्याच पाण्याच्या बरणीत झाडाऐवजी प्लास्टिकची एक काडी टाकून ठेवली, तर काडीवरही ओळीने बुडबुडे. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि मिळेल त्या पृष्ठभागावर बसते, एवढंच ते होतं. वहीचं ते पान फाडलं. तेव्हापासून दिवा आणि नळी यांच्यामध्ये पाण्याने भरलेला एक सपाट काचेचा डबा उभा करतो. उजेड जातो, उष्णता बरीचशी अडते.

सोड्याच्या बाबतीतही असाच एक चकवा आहे. लिटरला १ ग्रॅम सोडा टाकला तर पाण्यात सुमारे १२ मिलिमोल बायकार्बोनेट येतं आणि सामू ८.३ च्या आसपास बसतो. त्या सामूला एकशतांश हिस्सा मोकळा कार्बन डायऑक्साइड असतो. एकशतांश म्हटलं तरी तो लिटरला ५ मिलिग्रॅमच्या घरात जातो, म्हणजे उघड्या पाण्याच्या आठ-नऊपट. त्यामुळे सोडा टाकल्यावर बुडबुडे वाढले, म्हणून झाडाने बायकार्बोनेट घेतलं, असं म्हणता येत नाही. निव्वळ वायू खाणाऱ्या झाडालाही त्या पाण्यात सुरुवातीला बरं वाटेल. शाळेतल्या प्रयोगावर माझा राग आहे तो इथे: तो दिसतो सोपा, पण नेमका प्रश्न झाकून टाकतो.

पायरी ३ : बंद बरणीत सामू चढू द्या

हा खरा प्रयोग. यात लागतात फक्त धीर आणि घट्ट झाकण. तत्त्व असं: झाड पाण्यातून कार्बन काढतं, पण पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, तशीच राहते, त्यामुळे सामू चढतो. चढत्या सामूबरोबर मोकळा कार्बन डायऑक्साइड झपाट्याने घटतो. ज्या झाडाला तोच एक लागतो ते एका टप्प्यावर हात टेकतं. ज्याला बायकार्बोनेट फोडता येतं ते पुढे जात राहतं. सामू कुठे थांबला, यावरून झाडाची जात कळते.

पाणी असं तयार करा. ४.२ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवा. हा झाला साठ्याचा द्राव. यातला २० मिलिलिटर घेऊन बाकी शुद्ध पाणी घालून एक लिटर करा. आता लिटरला १ मिलिमोल बायकार्बोनेट झालं. हे पाणी रुंद भांड्यात रात्रभर उघडं ठेवा, मधूनमधून ढवळा. हवेशी समतोल साधल्यावर सामू ८.२ च्या आसपास यायला हवा. खूप वेगळा आला तर पुढे जाऊ नका. एक तर वजन चुकलं आहे, नाहीतर बेकिंग पावडर वापरली आहे. बेकिंग पावडरीत आम्लाची भुकटी मिसळलेली असते, ती इथे चालत नाही. चूल नसलेल्या प्रयोगशाळेतही ही चूक होते.

पाव लिटरच्या पाच बरण्या घ्या. पहिलीत हायड्रिलाचे चार-पाच बोटभर शेंडे. दुसरीत तेवढ्याच वजनाचा मॉस. तिसरीत काही नाही, फक्त पाणी. चौथीत हायड्रिला, पण बाहेरून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेली. पाचवीत पुन्हा हायड्रिला, ही राखीव. सगळ्या काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, झाकण पाण्याखालीच फिरवून लावा. आत हवा राहिली तर तिच्यातून कार्बन डायऑक्साइड झिरपत राहतो आणि आकडा पुढे सरकत नाही. भरपूर पण थंड उजेडात ठेवा. तासाभराने एकदा प्रत्येक बरणी उलटसुलट करा, म्हणजे पानांभोवतीचा थर मोडतो.

दर तासाला झाकण उघडून मोजायचा मोह होईल. आवरा. सुरुवातीला एकदा, मधे एकदा आणि शेवटी सलग दोनदा आकडा तोच येईपर्यंत, एवढं पुरे. मोजताना बरणी उघडी ठेवून पट्टी शोधत बसायचं नाही; पट्टी आधी हातात, मग झाकण.

रिकाम्या बरणीत फारसं काही घडत नाही. अंधारातल्या बरणीत सामू थोडा उतरतो, कारण झाड श्वसन करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मॉसची बरणी चढते आणि साधारण ९ च्या आसपास, कधी त्याआधीच, रेंगाळते. त्या टप्प्याला लिटरमध्ये २ मायक्रोमोलच्या आसपास कार्बन डायऑक्साइड उरलेला असतो. उजेडात जेवढा आत येतो तेवढाच श्वसनात बाहेर जातो, त्यामुळे हिशेब शून्य. हायड्रिलाची बरणी मात्र ९ ओलांडते आणि सहसा १० च्या पुढे जाते. सामू १० ला पोचला याचा अर्थ पाण्यातल्या एकूण असेंद्रिय कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश झाडाने उचलला, आणि मोकळा कार्बन डायऑक्साइड तिथे सुरुवातीच्या शंभराव्या हिश्श्यावर आलेला असतो. एवढ्यावर नुसत्या विसरणाच्या भरवशावर कोणी जगू शकत नाही. बायकार्बोनेटची चोरवाट वापरल्याचा हा पुरावा.

एक खातरजमा राहिली. मॉस थांबला तो कार्बन संपला म्हणून, की बरणीत गुदमरून मेला म्हणून? त्याच्या बरणीत स्ट्रॉने हळूहळू फुंका, सामू ८ च्या खाली आणा, पुन्हा बंद करून उजेडात ठेवा. परत चढू लागला तर झाड धडधाकट आहे.

लहान मुलांबरोबर करायचं असेल तर आकड्यांऐवजी रंग वापरा. ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक ६ च्या खाली पिवळा, ७.६ च्या वर निळा आणि मधे हिरवा असतो. पाण्यात थेंबभर दर्शक टाकून पिवळं होईपर्यंत फुंकायचं, झाड टाकायचं, बंद करायचं. उजेडात काही तासांत पिवळ्याचं हिरवं, हिरव्याचं निळं होतं. गुंडाळलेली बरणी पिवळीच राहते. पण लक्षात ठेवा, निळं झालं म्हणजे सामू ७.६ ओलांडला, एवढंच कळतं. ९ आणि १० मधला फरक या दर्शकाला दिसत नाही.

पायरी ४ : पानाच्या दोन बाजू तपासा

चोरवाट चालते कशी? सगळ्यात देखणं उदाहरण हायड्रिला, इलोडिया आणि पोटॅमोजेटॉनच्या काही जातींत मिळतं. उजेडात या पानाची खालची बाजू बाहेर प्रोटॉन, म्हणजे पाण्याला आम्लधर्मी करणारे हायड्रोजनचे आयन, ढकलते. तिथे पानाला चिकटलेल्या थरातला सामू ४-५ पर्यंत उतरतो. एवढ्या आम्लात बायकार्बोनेट तग धरत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि पानात शिरतो. वरची बाजू हिशेब पुरा करते आणि तिथला सामू १० च्या पुढे जातो. जेमतेम दोन पेशींच्या पानाच्या एका अंगाला आम्ल, दुसऱ्या अंगाला अल्क! आणि मघाशी आपण ज्याला अडचण म्हणालो तो न हलणारा थर इथे कामाला येतो. तो नसता तर ढकललेले प्रोटॉन पाण्यात पसरून वाया गेले असते.

दुसरी वाट म्हणजे कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर. बायकार्बोनेट आपणहून कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतं, पण ढिम्मपणे. हे विकर ते काम क्षणात उरकतं; त्याची काही रूपं सेकंदाला दहा लाखांच्या घरात रेणू हाताळतात. आपल्या तांबड्या रक्तपेशींत कार्बन डायऑक्साइडची ने-आण करायला हेच विकर राबतं. काही पाणवनस्पती ते पेशींच्या बाहेरच्या बाजूला ठेवतात, काही बायकार्बोनेट आधी आत ओढून घेतात आणि आत फोडतात. बहुतेकींत या वाटांची सरमिसळ असते.

हे घरी पाहायचं तर जड पाण्याच्या तळ्यातलं, चुरचुरीत लागणारं पान शोधा. वरच्या अल्कधर्मी बाजूला कॅल्शियम कार्बोनेट साचतं आणि पानाला पांढुरका, खरखरीत थर चढतो. बोटाने वरची आणि खालची बाजू आळीपाळीने चोळा, फरक लगेच कळतो. थरावर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघा; बारीक फेस येतो. कारा नावाच्या शैवालात हाच खेळ पट्ट्यापट्ट्यांनी चालतो: एकाच लांबट पेशीवर एक पट्टा आम्लधर्मी, पुढचा अल्कधर्मी, आणि चुना फक्त अल्कधर्मी पट्ट्यांवर. आपल्या सोड्याच्या बरणीत मात्र हा थर दिसणार नाही, कारण त्या पाण्यात कॅल्शियमच नाही.

ज्यांना हे जमत नाही, त्या काय करतात?

काही जणी मुळांनी कार्बन पितात. तळाच्या गाळात सडणाऱ्या पाल्यापाचोळ्यामुळे कार्बन डायऑक्साइड पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. उत्तर युरोपातल्या मऊ पाण्याच्या तळ्यांत वाढणाऱ्या लोबेलिया डॉर्टमाना आणि लिटोरेला युनिफ्लोरा या बुटक्या वनस्पती तो मुळांतून घेतात आणि देठा-पानांतल्या हवेच्या पोकळ नळ्यांतून वर नेतात. हवेत वेग दहा हजार पट, हे मघाचं गणित त्यांनी स्वतःच्या अंगात वापरलं आहे. अशी झाडं पांढऱ्या धुतलेल्या वाळूत लावली तर खुरटतात, यात नवल नाही.

काही जणी रात्रपाळी करतात. वाळवंटातली निवडुंगं पाणी वाचवायला रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, हे माहीत असतं. पण जॉन कीली यांना १९८१ मध्ये हीच पद्धत आयसोएटिस हॉवेलिआय या पाण्यात बुडालेल्या वनस्पतीत सापडली, तेव्हा ते चक्रावून टाकणारं होतं. पाण्यात राहून पाणी कशाला वाचवायचं? उत्तर पाण्यात नाही, कार्बनमध्ये आहे. उथळ डबक्यात दुपारी सगळेच ओरबाडत असल्यामुळे काही उरत नाही. रात्री सगळे श्वसन करतात आणि साठा पुन्हा भरतो. रात्री घेतलं तर स्पर्धा कमी.

आणि हायड्रिला? तिच्याकडे आणखी एक हुकमाचा पत्ता राखून ठेवलेला आहे. पाणी तापलं, दिवस लांबला, कार्बन डायऑक्साइड संपत आला की ती आतली यंत्रणाच बदलते आणि मका-उसासारखी सी-४ पद्धत सुरू करते: आधी बायकार्बोनेटमधला कार्बन एका आम्लात बांधायचा, मग ते आम्ल हरितलवकात नेऊन फोडायचं आणि रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची दाटी करायची. मका-उसाला या कामासाठी दोन प्रकारच्या पेशी लागतात. हायड्रिला ते एकाच पेशीत उरकते. १९७० आणि ८० च्या दशकांत फ्लोरिडा विद्यापीठात जॉर्ज बोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पाठपुरावा केला. ऑटेलिया ॲलिस्मॉइडिस ही तर सगळ्यांवर कडी. बायकार्बोनेट, सी-४ आणि रात्रपाळी या तिन्ही गोष्टी ती एकटी करते.

टाकीत किंवा कुंडात झाडं लावणाऱ्यांसाठी

इथवर वाचलं असेल तर टाकीतल्या बऱ्याच तक्रारी आपोआप उलगडतील. एका टाकीत व्हॅलिस्नेरिया माजते आणि शेजारचा मॉस झुरतो, तेव्हा खत बदलण्याआधी दुपारी चारला सामू मोजा. तो ९ च्या आसपास असेल तर व्हॅलिस्नेरियाने मॉसच्या तोंडचा घास कधीच काढून घेतलेला आहे. अशा दोघींना एकत्र ठेवायचं तर बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडा, किंवा मग एकीला हलवा. दिव्याचे तास वाढवणं हा यावरचा उपाय नाही, त्याने दुपार आणखी लवकर येते.

पाणी हलतं ठेवा. पानं हळुवार डोलतील इतपत. पण पृष्ठभाग फेसाळेल असं नको, कारण कृत्रिमपणे सोडलेला वायू त्याच वाटेने उडून जातो. बाहेरून काहीच सोडत नसाल तर उलट पृष्ठभागाची हालचाल फायद्याची, हवेतून निदान थोडी भरपाई होते.

मोकळा कार्बन डायऑक्साइड किती आहे, याचा अंदाज असा काढतात. पाण्याचा कार्बोनेट कठीणपणा जर्मन अंशांत मोजा आणि ३ ने गुणा. सामू ७ असेल तर तेच उत्तर, लिटरला मिलिग्रॅममध्ये. सामू एका अंकाने वर असेल तर दहाने भागा, खाली असेल तर दहाने गुणा. ४ अंश आणि सामू ७ म्हणजे १२ मिलिग्रॅम. सामू ८ म्हणजे १.२. टाकीत ओंडके किंवा पीट असेल तर त्यांच्या आम्लांमुळे हे गणित फसतं आणि आहे त्यापेक्षा जास्त वायू दाखवतं. म्हणून काचेचा छोटा ड्रॉप चेकर बरा. त्यात टाकीचं पाणी नाही, ४ अंशांचा वेगळा द्राव आणि ब्रोमोथायमॉल ब्लू असतो; हिरवा रंग म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम. त्याच्या पुढे जायची हौस करू नका. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर वायू ताबडतोब बंद करा आणि एअर पंप लावा. रात्री झाडंही कार्बन डायऑक्साइड सोडतात, तेव्हा दिवे मालवायच्या तासभर आधीच सिलिंडरचा नळ बंद झालेला असावा.

राखीव ठेवलेली पाचवी बरणी आता काढा. तिच्यात सामू १० ला पोचला असेल तर ती न उघडता रात्रभर अंधारात राहू द्या आणि सकाळी उजाडायच्या आत मोजा. आकडा खाली आलेला दिसेल. पुन्हा उजेडात ठेवून दुपारी मोजा. दाट वाढलेल्या उथळ तळ्यात रोज हेच चढउतार होतात, म्हणून तळ्याचा सामू लिहिताना त्याच्यापुढे वेळ लिहिलेली नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

काम झालं की बरण्यांतलं पाणी खुशाल ओता, पण हायड्रिला गटारात किंवा जवळच्या तळ्यात टाकू नका. एका पेराच्या तुकड्यातूनही ती पुन्हा उभी राहते आणि नव्या पाण्यात गेली तर बाकीच्यांना पुरून उरते. कडक उन्हात दोन-तीन दिवस पसरून ठेवा, हातात घेतल्यावर चुरा झाला की मग टाका.